'अल्फा' लांडगा रानातला नव्हे, कोंडवाड्यातला

लांडग्यांच्या कळपातला सर्वांत दांडगा नर मारामारी करून इतरांना दाबात ठेवतो, म्हणून पुरुषानेही 'अल्फा' व्हावं, असे रील्स अजून फिरतात. पण हे निरीक्षण रानातलं नाहीच. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ मध्ये ते मांडलं. जेमतेम १० बाय २० मीटरच्या जागेत दहापर्यंत लांडगे कोंडलेले. पटलं नाही तरी निघून जायला वाट नाही. मग दात विचकणं, चावे घेणं, दुबळ्याने शेपूट पायांत घालून कोपरा धरणं आलंच. असं बिथरलेलं वागणं मुलग्यांपुढे आदर्श म्हणून ठेवलं जातं, याचा मला संताप येतो.

मोकळ्या रानात कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. सोलापूरच्या माळावरही तसंच. पुढारपण आईबापांकडे असतं, त्यासाठी कुणाला लोळवावं लागत नाही. वयात आलेलं पिल्लू जोडीदार शोधायला बाहेर पडतं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे एका कळपाजवळ काढून १९९९ मध्ये हे स्पष्ट लिहिलं. 'अल्फा'ची कल्पना घरोघरी पोचवणारं १९७० चं पुस्तक त्यांचंच, आणि ते छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले तेही तेच.