मानीव दिनांक आणि पदोन्नतीची थकबाकी

पदोन्नतीस पात्र असूनही डावलल्या गेलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास चूक सुधारताना जी मागची तारीख दिली जाते, तिला मानीव दिनांक म्हणतात. या तारखेपासून वरच्या पदाचा कार्यभार प्रत्यक्ष घेईपर्यंत वेतनात जो फरक पडतो, ती पदोन्नतीची थकबाकी. कचेरीत तिला नुसते ‘फरक’ किंवा ‘एरिअर्स’ म्हणतात. तारीख मिळाली की पैसे मिळालेच, असा सर्वसाधारण समज आहे. आदेशांत मात्र या दोन गोष्टी बहुधा तोडूनच दिलेल्या असतात. या नोंदीत नाशिक जिल्ह्यातील कर्मचाऱ्यांना दाद मागण्याचे कोणते मार्ग आहेत, यावर भर दिला आहे.

‘मानीव’ हा शब्द कोरीव, आखीव, घडीव यांच्या धर्तीवर ‘मानणे’पासून साधलेला आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा. त्यानंतर प्रशासनाची मराठी परिभाषा घडत गेली, त्या ओघात तो सेवाविषयक आदेशांत रुळला असावा. कोरीव म्हणजे खरोखर कोरलेले; मानीव म्हणजे झाले असे नुसते मानलेले. थकबाकीचा सगळा वाद या फरकात आहे.

पदोन्नती हा हक्क नाही. पदोन्नतीसाठी विचार होणे हा हक्क आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 16(1) मधून तो निघतो आणि सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बिहार राज्य विद्युत मंडळाच्या प्रकरणात (धरमदेव दास) तो पुन्हा अधोरेखित केला. पद रिक्त झाले त्या दिवसापासून पदोन्नती द्या, ही मागणी त्यामुळे सहसा टिकत नाही, के. के. वढेरा प्रकरणापासून (1989) हे मत स्थिर आहे. विभागीय पदोन्नती समितीची बैठकच दोन वर्षे झाली नाही, एवढ्यावर मानीव दिनांक मिळत नाही. कनिष्ठ वर गेला आणि ज्येष्ठ खाली राहिला, ज्येष्ठता यादीत नाव चुकीच्या जागी पडले, गोपनीय अहवाल समितीपुढे ठेवलाच गेला नाही, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम लावणारी यादी) चुकली किंवा चौकशी नसताना ती प्रलंबित दाखवली, असे काही दाखवता यावे लागते. यांत कनिष्ठाचे उदाहरण सर्वांत बळकट, कारण तुलनेची तारीख आयतीच मिळते.

‘काम नाही, तर वेतन नाही’ या तत्त्वाचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. पहिला सरकारी सेवेच्या मूलभूत नियमांत (फंडामेंटल रूल्स). 1 जानेवारी 1922 पासून लागू झालेल्या या नियमांतील नियम 17(1) प्रमाणे पदाचे वेतन पदाचा कार्यभार घेतल्याच्या दिवसापासून सुरू होते. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, 1981 मधील नियम 32 त्याच वळणाचा आहे: कामे तीच राहिली तर पदोन्नती रिक्ततेच्या तारखेपासून, पण जबाबदारी वाढणार असेल तर वाढीव वेतन नव्या पदाची कामे हाती घेतल्यापासूनच. दुसरा उगम कामगार कायद्यातला, संपकाळातील वेतनकपातीच्या खटल्यांतला; टी. एस. केळावाला प्रकरणातील 1990 चा निर्णय त्याचा ठळक नमुना. डावललेल्या कर्मचाऱ्याविरुद्ध दोन्ही आधार एकत्र वापरले जातात, पण ते एका जातीचे नाहीत. संपात कामगार स्वतः काम नाकारतो. डावललेल्याला कामच दिले गेलेले नसते. त्यामुळे या विषयापुरता सेवा नियमांचा उगम अधिक सयुक्तिक वाटतो.

न्यायनिर्णयांचे दोन प्रवाह आहेत. पलुरू रामकृष्णय्या (1989), अविनाशचंद्र चढ्ढा (1990) आणि ओ. पी. गुप्ता (1996) या प्रकरणांत काल्पनिक, म्हणजे केवळ कागदोपत्री मागच्या तारखेची, पदोन्नती मान्य झाली, पण वरच्या पदावर प्रत्यक्ष काम केले नाही म्हणून मागचे वेतन नाकारले गेले. उलट के. व्ही. जानकीरामन प्रकरणात (1991) न्यायालयाने म्हटले की, कर्मचारी काम करण्यास तयार असताना त्याचा दोष नसता प्रशासनानेच त्याला दूर ठेवले असेल, तर हे तत्त्व लागू होत नाही. जानकीरामनचा विषय मूळचा मोहोरबंद पाकिटाचा, म्हणजे विभागीय चौकशीमुळे समितीचा निष्कर्ष बंद ठेवण्याचा. दोषारोपपत्र बजावले गेल्यानंतरच पाकीट बंद करता येते, हेही त्यातच ठरले. मात्र त्याच निकालात एक खिडकी उघडी आहे: चौकशी कर्मचाऱ्यामुळेच लांबली असेल किंवा निर्दोषत्व संशयाचा फायदा देऊन मिळाले असेल, तर कारणे नोंदवून थकबाकी नाकारता येते. महाराष्ट्रात मोहोरबंद पाकिटाचा व्यवहार 2 एप्रिल 1976 च्या परिपत्रकावर चाले. पुढे 15 डिसेंबर 2017 चा शासन निर्णय आला.

दोन प्रवाहांचा मेळ भास्करन पिल्लै प्रकरणात (2007) घातला गेला. ठोकळेबाज नियम नाही. पदोन्नती बेकायदेशीरपणे रोखली गेली होती का, हे पाहून न्यायालयाने ठरवावे. रमेश कुमार प्रकरणात (2015) याच वाटेने संपूर्ण लाभ मिळाला. पहिल्या प्रवाहातील निर्णय रद्दबातल झालेले नाहीत आणि सरकारी वकील ते आजही दाखवतात. पण चूक निव्वळ कार्यालयाची असेल तेव्हा दुसरा प्रवाह अधिक न्याय्य मानावा लागतो. म्हणून न्यायाधिकरणाकडे करायच्या मूळ अर्जात आपले नुकसान किती झाले यापेक्षा चूक कोणाची, कोणत्या कागदावर, कोणत्या तारखेला झाली, हे मांडणे महत्त्वाचे असते.

नाशिकमध्ये दाद कोठे मागायची, हे कर्मचारी कोणाचा यावर ठरते. राज्य शासनाचे कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाखाली ते 1991 मध्ये सुरू झाले; बोलीत ते ‘मॅट’. नाशिक जिल्ह्याची प्रकरणे मुंबईच्या मुख्य पीठाकडे असतात. शेजारच्या धुळे-जळगावच्या कर्मचाऱ्याला उच्च न्यायालयासाठी छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ आहे, नाशिककराला मुंबईच. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, तेही सहा दक्षिणेकडील जिल्ह्यांसाठी. तेव्हा तारखेच्या दिवशी सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस गाठणे चालूच आहे. देवळालीच्या तोफखाना प्रशालेसारख्या संरक्षण आस्थापनांतील केंद्रीय नागरी कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जातात. नाशिकरोडच्या नोट व प्रतिभूती मुद्रणालयांची स्थिती 2006 मध्ये ती महामंडळाकडे गेल्यापासून वेगळी झाली. जुन्या सेवेचा प्रश्न असेल तर नेमणूक व सामावून घेण्याचे कागद आधी तपासावे लागतात. जिल्हा परिषद व महानगरपालिका कर्मचाऱ्यांचा मार्ग मुख्यतः उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा. खासगी शाळेतील शिक्षकास 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमातील कलम 9 खाली, पदोन्नतीत डावलल्याबद्दल, शाळा न्यायाधिकरणात तीस दिवसांच्या आत अपील करता येते.

मॅटचा निर्णय अंतिम नसतो. एल. चंद्रकुमार निकालापासून (1997) त्यावर उच्च न्यायालयातील दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे जाता येते.

कालमर्यादा हा बहुतेकांना नडणारा भाग. आधी कार्यालयाकडे निवेदन द्यावे लागते. उत्तर आले नाही तर सहा महिने वाट पाहून पुढील एक वर्षात मूळ अर्ज दाखल करायचा, उत्तर आले तर त्या तारखेपासून एक वर्ष. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. निवेदनांवर निवेदने देऊन मुदत वाढत नाही, हे एस. एस. राठोड (1989) आणि सी. जेकब (2008) या प्रकरणांनंतर स्पष्ट आहे. तरी आवक शिक्क्याच्या पाचसहा प्रती फाईलला लावून निर्धास्त बसणारे आजही भेटतात. वेतननिश्चितीतील चूक दरमहा नव्याने घडते, म्हणून तो चालू अन्याय ठरतो आणि उशिरा आल्यासही सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांची थकबाकी मिळते (तरसेमसिंग, 2008). डावलण्याने मात्र इतरांची ज्येष्ठता हलते. तिथे ही सवलत सहजी मिळत नाही.

रक्कम किती, याचे एक उदाहरण. सातव्या वेतन आयोगाच्या स्तर एस-6 मध्ये 24,500 रुपये मूळ वेतन घेणाऱ्या लिपिकाला एस-8 मध्ये पदोन्नती मिळाली, तर एक वेतनवाढ धरून 25,200 आणि मग वरच्या स्तरातील पुढचा टप्पा 25,500. म्हणजे महिना एक हजाराचा फरक. दरवर्षीच्या वेतनवाढीने पुढची दोन वर्षे तो 1,100 होतो. तीन वर्षांचा मूळ वेतनातील फरक 38,400 रुपये, वर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता. वकिलाची फी आणि मुंबईच्या खेपा यांत हे सहज जाते. ज्याला सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेत (पदोन्नतीविना 10, 20 व 30 वर्षांच्या सेवेनंतर) आधीच वरची वेतनश्रेणी मिळाली आहे, त्याचा फरक तर आणखी घटतो. खरा लाभ पुढच्या पदोन्नतीची ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन हा असतो, आणि तो नुसत्या काल्पनिक वेतननिश्चितीनेही बराचसा मिळतो.

आरक्षणातील पदोन्नतीचा वाद स्वतंत्र आहे. 25 मे 2004 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरवला, आणि 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीसाठी 25 मे 2004 ची ज्येष्ठता आधार धरली. त्यानुसार बदललेल्या याद्यांतून मानीव दिनांकाची कितीतरी प्रकरणे उपजली.

निवृत्तीनंतरचा दावा अवघड. पश्चिम बंगालच्या अमल सत्पथी प्रकरणात (2024) पदोन्नतीची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी निवृत्त झालेल्याला मागील प्रभावाने लाभ नाकारला गेला. निवृत्तीपूर्वीच कनिष्ठ पुढे गेलेला असल्यास चित्र वेगळे.

आदेश हाती आल्यावर त्यातील शेवटचा परिच्छेद आधी वाचावा. ‘प्रत्यक्ष काम केलेले नसल्याने थकबाकी अनुज्ञेय राहणार नाही’ अशा आशयाचे वाक्य तिथे असते, आणि दाद मागायची ती या वाक्याविरुद्ध. नंतर सेवापुस्तकात लाल शाईने नोंद, नाशिकच्या वेतन पडताळणी पथकाकडून वेतननिश्चितीची तपासणी, कोषागारात देयक आणि निवृत्त असल्यास सुधारित प्रस्ताव मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडे, असा क्रम. कार्यालयाने आदेश पाळलाच नाही, तर न्यायाधिकरणाला 1985 च्या अधिनियमातील कलम 17 खाली अवमानाची कारवाई करता येते. ती दाखल झाल्याची नोटीस आली की देयक बहुधा त्याच महिन्यात निघते.