पाइपलाइनमधली हवा आणि सहा मीटरची चीर

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पीव्हीसीची मेनलाइन फाटली की निदान ठरलेलं असतं: ‘ऊन लागून पाइप फुटला.’ उन्हाचा दोष आहे, पण असा नाही. तापलेला पीव्हीसी मऊ पडतो, त्याची ताकद घटते, आणि फुटलाच तर आधी फुगतो, मग फाटतो. सहा मीटरची अख्खी नळी एका रेषेत चिरली आहे, कडा धारदार आहेत, फुगवटा कुठेच नाही, असं दिसलं तर ते उन्हाचं काम नव्हे. बाजूच्या शेतात तशाच पाइपला तशीच भेग पडते आणि नुसती पाण्याची चिळकांडी उडते. मग एक भेग बोटभर जाऊन थांबते आणि दुसरी थेट कपलरपर्यंत, म्हणजे पुढच्या नळीच्या जोडापर्यंत, पळते, ती का?

भेग मुळात असतेच. ट्रॉलीतून उतरवताना लागलेला दगड, करवतीने कापल्यावर न घासलेली कड, उन्हात पडून खडूसारखा झालेला वरचा पातळ थर, यातलं काहीही पुरतं. इंग्लिस या इंजिनिअरने 1913 मध्ये गणित मांडलं: एक मिलिमीटर खोल ओरखड्याचं टोक एक शतांश मिलिमीटर इतकं तीक्ष्ण असेल, तर तिथला ताण आजूबाजूच्या 21 पट होतो. टोक मिलिमीटरभर गोलाईचं असेल तर फक्त तिप्पट. भेगेच्या टोकाला ड्रिलने भोक पाडण्याची मिस्त्रीलोकांची युक्ती इथून येते.

पण या हिशेबाने टोक अणुइतकं तीक्ष्ण झालं की कुठलीही वस्तू फुंकरीने तुटायला हवी. ग्रिफिथ या इंजिनिअरने 1921 मध्ये ताण बाजूला ठेवून ऊर्जेचा जमाखर्च मांडला. भेग पुढे सरकली की ताणलेला पदार्थ थोडा सैल होतो आणि साठलेली ऊर्जा सुटते, ही जमा. नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते, हा खर्च. बाहेरचा ताण कायम असेल तर जमा भेगेच्या लांबीच्या वर्गाने वाढते, खर्च लांबीच्या पटीत. त्यामुळे एका ठरावीक लांबीनंतर भेग स्वतःच्या कमाईवर धावते. काचेला दर चौरस सेंटिमीटरला 100 किलोचा ताण असेल, तर ही लांबी साधारण दीड मिलिमीटर भरते. पीव्हीसीत ती कित्येक पटींनी मोठी.

इथवर बरेच जण सांगतात आणि थांबतात. खरी मजा ‘ताण कायम असेल तर’ या अटीत आहे. ओब्रेइमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने 1930 मध्ये अभ्रकाच्या थरांत काचेची पाचर सारून भेग पुढे नेली. पाचरीची जाडी बदलत नाही, त्यामुळे भेग जितकी लांबेल तितकी वरची सुटलेली पापडी कमी वाकते. भेग दुप्पट झाली की पुढे ढकलणारी ऊर्जा सोळाव्या हिश्श्यावर येते. ही भेग स्थिर: पाचर हलवाल तेवढीच जाते. त्याच पापडीला पाचरीऐवजी वजन टांगा. आता लांबी दुप्पट झाली की ढकलणारी ऊर्जा चौपट, आणि भेग सुटते ती सुटतेच. पदार्थ तोच, भेग तीच. पुढे गेल्यावर जोर वाढतो की घटतो, एवढ्यावर सगळं ठरतं. ‘अनब्रेकेबल’चा शिक्का मारणारे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आता पाइपकडे या. हजार लिटर पाणी दर चौरस सेंटिमीटरला 6 किलोच्या दाबाला जेमतेम पाव लिटर आकसतं. पाइप स्वतः फुगून आणखी पाच-सहा लिटर सामावतो. चीर उघडली, एवढं पाणी बाहेर पडलं, की दाब कोसळला. मोटार सुरूच आहे म्हणाल, तर सेकंदाला पाच लिटर देणारा पंप सेकंदाच्या पन्नासाव्या भागात 100 मिलिलिटर ओततो, आणि सहा मीटरची नळी चिरायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पाणी पाचरीसारखं वागतं. हवेचं उलट. त्याच दाबाची हजार लिटर हवा बाहेर पडताना सात हजार लिटर व्हायला बघते. चीर कितीही उघडली तरी तिच्या मागे जोर टिकून राहतो, म्हणजे टांगलेलं वजनच. साठलेली ऊर्जा ज्यूलमध्ये सांगायची तर एक घनमीटर (हजार लिटर) पाण्यात सुमारे 80, नळीच्या भिंतीत दीड-दोन हजार, आणि हवेत साडेसात लाख.

म्हणून पाइपलाइनची चाचणी पाण्यानेच घ्यायची. कॉम्प्रेसर लावून ‘गळती बघू’ म्हणणं जिवावर बेतू शकतं. पाण्याच्या लाइनीतही उंचवट्यावर हवा अडकतेच, तिथे ती बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व हवाच. रात्रीची लाइट आली की ‘ऑटो’वर, म्हणजे आपोआप चालू करणाऱ्या स्टार्टरवर, मोटार पूर्ण जोराने सुरू होते आणि लाइन मात्र उतरून रिकामी, हवेने भरलेली असते. त्यातच थंडीच्या पहाटे पीव्हीसी सर्वांत ठिसूळ. मोटारीजवळचा व्हॉल्व अर्धवट ठेवून पाणी सेकंदाला फूटभराच्या वेगाने भरू द्यावं, हवा निघाली की मग उघडावा.

ग्रिफिथच्या हिशेबातली खर्चाची बाजू पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीरेणूंच्या प्लास्टिकमध्ये, जास्त चमत्कारिक आहे. ॲक्रिलिकचा नुसता पृष्ठभाग बनवायला चौरस मीटरला दहाव्या हिश्श्याइतका ज्यूलही लागत नाही, पण ते तोडायला शेकडो लागतात. भेगेच्या पुढे साखळीरेणू ओढले जाऊन 10-20 नॅनोमीटर जाडीचे तंतू होतात, मध्ये पोकळ्या. सगळा खर्च हे तंतू ओढण्यात जातो. भेग हळू चालते तोवर वेग वाढला की प्रतिकारही वाढतो, म्हणून ती आवरलेली राहते. सेकंदाला काही सेंटिमीटरच्या पुढे गेली की टोकावरची उष्णता निसटायला सवड मिळत नाही, तंतू मऊ पडतात, प्रतिकार ढासळतो आणि भेग एकदम सेकंदाला शेकडो मीटरवर उडी घेते. अधलेमधले वेग सहसा दिसत नाहीत.

या तंतूंना साबणासारखे पदार्थ फार बाधतात. फवारणीत मिसळायचं ‘स्टिकर’ पॉलिथिनला विरघळवत नाही, त्याचा रंगही बदलत नाही. ते पोकळ्यांत शिरतं आणि गुंतलेल्या साखळ्या एकमेकींतून सुटायला मदत करतं. म्हणून फवारणी पंपाची टाकी न धुता ठेवली तर महिन्यांनी नळाच्या आट्यांजवळ किंवा पट्ट्याच्या खोबणीत चिरते. मधल्या सपाट भागात क्वचित. काचेत हेच काम हवेतली वाफ करते. कपाटात ठेवलेला ग्लास रात्री आपोआप तडकला की मिरच्या उतरवल्या जातात. जुना ओरखडा, बनवतानाचा राहिलेला ताण आणि ओलावा एवढं कारण पुरेसं असतं.

फुटलेला तुकडा फेकण्याआधी कडेवर उजेड तिरका पाडून बघा. वेगाने धावलेल्या भागावर पिसासारख्या रेषा फाकत गेलेल्या दिसतात. त्यांचा मागे माग काढला की त्या एका गुळगुळीत, नखाएवढ्या अर्धचंद्राशी जुळतात. भेग तिथे बराच काळ हळू वाढत होती. तिथे दगडाचा ओरखडा निघतो, किंवा जोडाच्या आत साचलेल्या, पाइप चिकटवायच्या सोल्युशनने मऊ केलेली जागा. दुरुस्तीला चिरीच्या दिसणाऱ्या टोकावर पाइप कापू नये. आधी शाई चोळून पुसावी, बारीक भाग रंग धरतो. त्याच्याही पुढे वीत-दोन वीत सोडून बारीक दात्यांच्या करवतीने कापावं, कड कानसीने उतरवावी आणि मगच कपलर बसवावा.