खालचा मजला रिकामा आहे

पाडवा होऊन आठवडा झाला होता. पहाटे साडेपाचला करमाळ्याच्या बाजूने उजनी धरणाच्या पाण्यात होडी ढकलली, तेव्हा वाऱ्याचा मागमूस नव्हता. पाणी तेलासारखं संथ. जरा उजाडलं आणि जिकडं बघावं तिकडं पाण्याबाहेर तोंडं दिसायला लागली. मासे वर येऊन आ वासत होते, मिटत होते, पुन्हा वासत होते. सोबतचा मित्र हरखला. कणकेचा गोळा त्याने नेमका त्या गर्दीत टाकला. तोंडं जरा बाजूला सरकली आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागली. दीड तास हाच खेळ चालला, पण एकाही माशाने आमिषाला तोंड लावलं नाही.

मग मित्राला ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ आठवला. त्यातला गोरा गडी ठासून सांगत होता, की उन्हाळा लागला की मासा गारव्यासाठी तळाला जातो, गळ खोल सोडा. आम्ही होडी खोल पाण्यात नेली, तंगुसाला शिसं बांधलं आणि आठ मीटरवर गळ सोडला. तिथेही शुकशुकाट. होडीवाले मामा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "सायेब, खाली कशापायी सोडताय? खाली काय न्हाई."

मामांचं वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं, कारण पाण्याच्या भौतिकशास्त्रातला माझा सगळ्यात लाडका भाग त्यात आहे.

पाणी ४ अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं, हे आपण शाळेत पाठ केलं. त्यापुढे ते तापत जाईल तसं हलकं होतं, हेही केलं. पण ते सारख्या चालीने हलकं होत नाही, हे मात्र त्या धड्यात राहून जातं. हजार लिटरची टाकी घ्या. त्यातल्या पाण्याचं तापमान ५ ऐवजी १० अंश असेल, तर टाकीभर पाण्याचं वजन जेमतेम २७० ग्रॅमने कमी भरतं. १० ऐवजी १५ असेल तर ६०० ग्रॅमने. आणि २५ ऐवजी ३० असेल तर तब्बल १४०० ग्रॅमने! फरक प्रत्येक वेळी पाचच अंशांचा, पण गरम पाण्यात त्याची किंमत पाचपट.

असं का होतं? पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ऐसपैस जाळी करतात. तापवल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. जाळी ढासळते, त्यामुळे रेणू जवळ येतात. आणि रेणूंची थरथर वाढते, त्यामुळे ते लांब जातात. ४ अंशांवर ही रस्सीखेच बरोबरीत सुटते. त्याच्या वर थरथर जिंकायला लागते, आणि तापमान वाढेल तसा जाळी ढासळण्याचा विरोध लंगडा पडत जातो. म्हणून आपल्याकडच्या तीस अंशांच्या पाण्यात एकेक अंश भारी पडतो.

आता हे गणित तलावात आणा. मार्च-एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीकडे निघाला, की वरचं पाणी तापतं आणि तापून हलकं होतं. हलकं झालं म्हणून वरच राहतं, आणि वरच राहिलं म्हणून आणखी तापतं. रश्श्यावर तर्री तरंगावी तसा हा थर गार पाण्यावर बसतो. वर ३० आणि खाली २५ अंश एवढ्या फरकाने जो पडदा तयार होतो, तो थंड देशातल्या १५ आणि १० अंशांच्या पडद्यापेक्षा दुपटीहून घट्ट असतो.

रात्री काय होतं, ते समजायला माठ आठवा. आपल्या कोरड्या हवेत माठातलं पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार होतं. तलावाचं पृष्ठही रात्रभर तसंच बाष्प सोडतं आणि गार होतं. गार झालेलं पाणी जड होऊन खाली उतरतं, पण ते जिथे आपल्याइतकंच गार पाणी भेटेल तिथेच थांबतं. वरचे दोन-तीन मीटर असे रोज रात्री ढवळले जातात. त्याखालच्या मजल्यापर्यंत हा जिना पोचत नाही.

मामांची परीक्षा घ्यायची म्हणून पुढच्या रविवारी मी एक काचेची बाटली घेऊन गेलो. बाटलीला दोन किलोचा दगड बांधला, तोंडाला बूच घट्ट बसवलं आणि बुचाला वेगळी दोरी लावली. हव्या त्या खोलीवर बाटली नेऊन बूच हिसकायचं, बुडबुडे थांबले की वर ओढायचं, आणि लगेच थर्मामीटर बुडवायचा. (आठ मीटरवर बूच निघता निघत नाही. तिथे पाणी त्याला साधारण अडीच किलोच्या जोराने आत दाबत असतं. पहिल्या खेपेला दोरीच तुटली.) पृष्ठाजवळ भरलेली बाटली २९ अंश, तीन मीटरवर २८ आणि आठ मीटरवर २५. म्हणजे खाली गारवा होता, व्हिडिओवाल्याचं तेवढं बरोबर. पण आठ मीटरवरची बाटली नाकाशी नेली आणि मान फिरवली. सडक्या अंड्याचा वास! हा हायड्रोजन सल्फाइड वायू. पाण्यातला ऑक्सिजन संपल्यावरच जिवाणू तो तयार करायला घेतात. मापकयंत्र नसलं तरी नाकाने निकाल दिला होता.

खालच्या मजल्यावरचा ऑक्सिजन खातं कोण? उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं दिसतं, ते शेवाळाने. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांवाटे भीमेत येतं, त्यातली नत्र-स्फुरदाची खतं या शेवाळाला पोसतात. मेलेलं शेवाळ पावसासारखं तळाला झिरपत राहतं, आणि ते कुजवताना जिवाणू तिथला ऑक्सिजन फस्त करतात. हवेतून नवा ऑक्सिजन यायचा तर वाटेत तो पडदा. थंड देशांतल्या खोल, नितळ तलावांत तळाशी हिवाळ्यात भरलेला ऑक्सिजन उन्हाळाभर पुरतो, आणि तिथल्या ट्राउटला गारवा लागतोच. आपल्या कटल्याला, रोहूला, चिलापीला तीस अंशांचं काही वाटत नाही. त्यांची अडचण श्वासाची आहे.

त्यात उन्हाळा दोन्हीकडून मारतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६, सोलापूर उंचावर असल्याने आपल्याकडे थोडा कमीच. आणि माशाचं रक्त पाण्याच्याच तापमानाचं, त्यामुळे दहा अंश वाढले की त्याची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. आवक घटली, खर्च वाढला.

आता त्या पहाटेच्या तोंडांचा उलगडा होतो. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेही आपल्यासारखाच श्वास घेतं. हिरव्यागार पाण्यात दुपारी ऑक्सिजन उतू जातो आणि पहाटे पार तळ गाठतो. ते मासे खायला वर आले नव्हते, गुदमरून आले होते. पृष्ठालगतचं पाणी हवेला टेकलेलं असतं, त्यातल्या त्यात ते श्वसनाला बरं. पचनालाही ऑक्सिजन लागतो, मग अशा वेळी गोळा गिळणार कोण? मरळ मात्र वेगळी. ती हवेतूनच श्वास घेऊ शकते. एक घोट घेते आणि निघून जाते. तोंड तिथल्या तिथे उघडझाप करत राहिलं, तर ती मरळ नाही.

'पहाट हीच गळाची वेळ' हा नियम म्हणून हिरव्या पाण्याला जसाच्या तसा लागू होत नाही. ऊन वर चढू द्यावं. त्या पहिल्या दिवशी साडेनऊनंतर मामांनी आम्हाला एका मुरमाड उताराशी नेलं, जिथे पाणी पुरुषभर होतं. गांडूळ लावल्यावर अर्ध्या तासात चार चिलाप्या आणि एक रोहू लागला. मृगळ एरवी तळाशी चरणारा. त्यालाही या दिवसांत असा उथळ तळ शोधावा लागतो. आणि उथळ तळ उन्हाळ्यात वाढतच जातो. उजनीत पूर्ण भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं, पण त्यातलं तळाचं ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठा, म्हणजे शून्याखालचं म्हणून मोजतात. त्यामुळेच धरणात पाणी दिसत असूनही पेपरात 'उजनी उणे' अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे ६० टक्क्यांना टेकला होता. पाणी असं उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आणि गेल्या महिन्यात मासा लागलेली जागा या महिन्यात रान झालेली असते.

वाऱ्याचं काम तर आणखी मजेशीर. वारा वरचं पाणी ढकलत एका काठाला नेतो. पृष्ठ तिकडे किंचित चढतं, मिलिमीटरच्या हिशेबात, डोळ्याला कळतही नाही. पण आतला पडदा उलटा कलतो, आणि तोही कितीतरी जास्त. किती, ते वरच्या टाकीवरूनच काढता येतं. हजार किलोला १.४ किलोने भागा, म्हणजे सातशेच्या आसपास. वर एक मिलिमीटर चढ, तर आत सत्तर सेंटिमीटर उतार! वारा ज्या काठावर आदळतो तिथे श्वास घेण्याजोगा थर जाड होतो, वाहून आलेले किडे आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीवही तिथेच. वारा जिथून सुटतो त्या काठाशी खालचं कुबट पाणी वर सरकतं. संध्याकाळी गळ टाकायचा तर वारा तोंडावर घेऊन बसा; डोळ्यांत धूळ जाईल, पण मासा तिथे असेल. वारा पडल्यावर तो कललेला पडदा पाळण्यासारखा झोके घेत राहतो, मोठ्या तलावात तासन्‌तास. वर सगळं शांत, आणि आत ही एवढी लाट.

वळीव आला तर गोष्ट वेगळ्या वळणावर जाते. गार पाऊस आणि सोसाट्याचा वारा मिळून पडदाच फाडतात, तळाचं बिनऑक्सिजनचं पाणी वर मिसळतं आणि सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. मग कुणी विष घातलं म्हणतं, कुणी देवाचा कोप. विष कधी खरंही असतं, तपासावंच; पण पडद्याखाली एवढी सडण साठवली कुणी, हे विचारायचं राहून जातं. आणि आभाळ भरलं की होडी पाण्यात घालू नये, हे मासेमारीहून महत्त्वाचं. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान अशाच वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला.

मित्राच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅपही आहे. चंद्र डोक्यावर आला की ते 'उत्तम वेळ' म्हणून वाजतं. ही कल्पना १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एका गळकऱ्याने काढली. आपल्याकडच्या अमावास्या-पौर्णिमेच्या समजुतीचीच ती साहेबी बहीण. हेच अ‍ॅप हवेच्या दाबाचा आलेखही दाखवतं, दाब उतरला की मासा चावतो म्हणे. हिशेब करा. दाब पाच हेक्टोपास्कलने उतरणं म्हणजे माशाने पाच सेंटिमीटर वर येणं. मासा शेपटीच्या एका फटक्यात याहून जास्त वर-खाली होतो. शिवाय आपल्या अक्षांशात हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरतो, आभाळ निरभ्र असलं तरी रोजच. त्या न्यायाने उजनीचा मासा रोज चारला वेडा व्हायला हवा.

बाटलीचा निकाल मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितला. अंश, ग्रॅम, पडदा, सगळं. ते ऐकत ऐकत रात्री लावलेलं उभं जाळं होडीत ओढत होते. चार वाव, म्हणजे सातेक मीटर खोल जाळं. वरच्या दीड वावात चिलाप्या अडकलेल्या, मध्ये दोन कटले. त्याखाली रिकामी भोकं, आणि शेवटच्या वावाला काळा, बुळबुळीत गाळ. त्यांनी तो बोटाने निपटला, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "ह्योच वास का तुमच्या बाटलीत?"