मिठाच्या बरणीतली हवा

गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरात पाऊस यायच्या आधी मिठाला कळतं. जूनचे पहिले दिवस असतात, पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झालेलं असतं, सुकी सुंगटं (कोळंबी) आणि सोलं (आमसुलं) डब्यांत बंद झालेली असतात. बाहेर अजून लख्ख ऊन, आणि तरी आदल्या रात्रीपर्यंत मोकळं असलेलं गावठी मीठ सकाळी चमच्याला चिकटतं. दोन दिवसांत बरणीच्या तळाशी चक्क पाणी साचतं.

हे पाणी हवेतलं. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की बाष्प ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतं. मिठागरातलं मीठ इतकं शुद्ध नसतं. समुद्राच्या पाण्यातलं थोडं मॅग्नेशियम क्लोराइड त्यात उरलेलं असतं आणि त्याला पाझरायला ३३ टक्केसुद्धा पुरतात. म्हणून पाकिटातलं मीठ अजून खडखडीत असताना गावठी मीठ ओलं होतं. त्यात दुकानदाराची लबाडी काही नाही.

पण हे ७५ टक्के म्हणजे कशाचे? हवेत ७५ टक्के पाणी, असं समजणारी शिकलेली माणसंही मी पाहिली आहेत. एवढं पाणी असतं तर श्वास घेण्याऐवजी पोहावं लागलं असतं. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढं बाष्प हवेत राहू शकतं, त्याच्या किती टक्के आत्ता आहे, एवढंच तो आकडा सांगतो. त्याचं पूर्ण नाव सापेक्ष आर्द्रता. बातम्यांत ‘सापेक्ष’ गाळतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने बदलते. २० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम बाष्प मावतं, ३० अंशाला ३० ग्रॅम. दर अंशाला ही मर्यादा सुमारे सहा-सात टक्क्यांनी वाढते.

डिसेंबरातली डिचोलीची सकाळ घ्या. तापमान २० अंश, आर्द्रता ९० टक्के, बागायतीवर धुकं. हवेत बाष्प आहे घनमीटरला साडेपंधरा ग्रॅम. दुपारी पारा ३२ वर जातो. बाष्प तेवढंच आहे असं धरलं, तरी आता मर्यादा ३४ ग्रॅमच्या जवळ गेली आहे, म्हणून आर्द्रता दिसते ४६ टक्के. पाण्याचा एक थेंबही कुठे गेला नाही आणि आकडा निम्म्यावर आला. पापड, सांडगे वाळत घालायचे ते याच दुपारी. सकाळी घातलेले सादळतात.

आता मे महिन्यातली दुपार. ३३ अंश, आर्द्रता ६५ टक्के. आकडा सकाळच्या धुक्यापेक्षा लहान, पण बाष्प २३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीडपट. दहा बाय बाराच्या एका खोलीतली हवा पिळता आली तर पाऊण लिटरहून जास्त पाणी निघेल. फ्रिजमधून काढलेली बाटली हेच पिळण्याचं काम करते. तिच्या अंगालगतची हवा साडेपंचवीस अंशांच्या खाली आली की बाष्प मावेनासं होतं आणि काचेवर थेंब धरतात. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. मला विचाराल तर बातम्यांत टक्क्यांऐवजी दवबिंदूच सांगायला हवा. तो १५ असेल तर अंगाला बरं वाटतं, २५ असेल तर पंख्याखालीही जीव घुसमटतो.

घुसमटतो तो घाम वाळत नाही म्हणून. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. भोवतालची हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर तो वाळण्याऐवजी नुसता ओघळतो. मेमध्ये विदर्भातून आलेला पाहुणा हमखास विचारतो, तुमच्याकडे कूलर कसा नाही? कूलरही घामाच्याच तत्त्वावर चालतो. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेला तो फार तर २३ अंशांपर्यंत उतरवू शकतो. आमच्या ३३ अंश आणि ६५ टक्क्यांच्या हवेत साडेसत्तावीसच्या खाली जाणं त्याला शक्यच नाही, आणि वर खोलीत ओल वाढते ती वेगळीच.

अशा दिवशी आपण ‘हवा जड झालीय’ म्हणतो. प्रत्यक्षात ती हलकी झालेली असते, कारण नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड रेणूंची जागा पाण्याच्या हलक्या रेणूंनी घेतलेली असते. जड होतो तो आपला देह.

चतुर्थीला आरतीआधी आमच्या वाड्यावरची पोरं घुमट, म्हणजे मातीच्या घड्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं वाद्य, विस्तवाच्या धगीला धरतात. दमट हवेत कातड्याचे तंतू बाष्प शोषून लांबतात, कातडं सैल पडतं आणि घुमट ‘बोलत’ नाही. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असे, आता कायद्याने बंदी असल्यामुळे बकऱ्याचं असतं. दोन्ही सैलावतात. माणसाचा केसही असाच लांबतो, अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण ओल्या हवेपर्यंत दोन-अडीच टक्के. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७८३ मध्ये याच केसावर चालणारं आर्द्रतामापक जगापुढे मांडलं. घुमट म्हणजे वाजवता येणारं आर्द्रतामापकच. धग दिली की कातड्याजवळच्या हवेची मर्यादा वाढते, टक्केवारी उतरते आणि कातडं पुन्हा ताणलं जातं.

जे बाटलीवर होतं तेच मोठ्या प्रमाणावर सह्याद्रीवर. पावसाळ्यात समुद्रावरून आलेली हवा सत्तरी तालुक्याच्या डोंगरांना भिडून वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि पसरताना दर शंभर मीटरला जवळपास एक अंशाने थंड होते. किनाऱ्यावर २८ अंश तापमान आणि २५ दवबिंदू असेल तर तीन-चारशे मीटरवरच ढग धरतो. चोर्ला घाटात जुलैत समोरची गाडी दिसत नाही, त्याला आपण धुकं म्हणतो. खालच्या गावातून पाहणाऱ्यासाठी तोच ढग. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे दर चौरस मीटरवर ३००० लिटर. वाळपईकडे याहून जास्त. घाट ओलांडून बेळगावला गेलं की तो निम्म्याहून कमी. उतारावर हवा पुन्हा तापते, शिवाय तिचं बरंचसं पाणी गोव्यातच सांडलेलं असतं.

हा ३००० चा आकडा कुठल्याही एका वर्षाचा नाही, आणि इथे मराठीची एक अडचण आहे. पाठ्यपुस्तक सांगतं, आजची स्थिती ती ‘हवा’ आणि दीर्घकाळची सरासरी ते ‘हवामान’. पण रेडिओ उद्याच्या पावसालाही ‘हवामानाचा अंदाज’ म्हणतो. मी घरच्यांना मृगाचं उदाहरण देतो. ७-८ जूनला मृग लागतो आणि त्या सुमाराला पाऊस येतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा ताळेबंद म्हणजे हवामान. यंदा मृग कोरडा गेला, ही हवा. जागतिक हवामान संघटना असा ताळेबंद ३० वर्षांचा धरते, सध्या १९९१ ते २०२० चा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने इथली झाडं आणि विजेचे खांब आडवे केले, ती हवा होती. अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या आणि जोर दशकांमागून दशकं कसा बदलतोय, हा हवामानाचा प्रश्न. एका वादळावरून त्याचं उत्तर काढणारे मला तेवढेच चुकीचे वाटतात, जेवढे एका थंड सकाळीवरून तापमानवाढीला हसणारे.

बरणीकडे परत येतो. आजीच्या स्वयंपाकघरात मिठाचं मडकं चुलीलगतच्या कोनाड्यात असे. जुलैतली २८ अंश आणि ९० टक्क्यांची हवा तिथे ३५ पर्यंत तापली की बाष्प तेवढंच राहून आर्द्रता ६० वर येते, ७५ च्या बऱ्याच खाली. मीठ ओलसर राही, पण वाहत नसे. पुढे गॅस आला, कोनाडा बुजवून तिथे टाइल्स लावल्या आणि बरणी खिडकीखालच्या कट्ट्यावर आली. आता आम्ही तिच्याखाली बशी ठेवतो.