फार्म.डी., एम.फार्म.चा प्रोजेक्ट आणि एथिक्स कमिटी: फाइल परत का येते?

फार्मसी प्रॅक्टिसमधलं संशोधन बहुतेक वेळा वॉर्डात नाहीतर ओपीडीच्या दारात होतं. कुठल्या विभागात कोणती अँटिबायोटिक्स किती लिहिली जातात, मधुमेहाचे रुग्ण गोळ्या नेमाने घेतात का, कुठल्या औषधाने कुणाला काय त्रास झाला, असे विषय. नवं औषध द्यायचं नसतं, रक्त काढायचं नसतं. त्यामुळे विद्यार्थ्याला, आणि कधीकधी त्याच्या गाइडलाही, वाटतं की एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनात रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता जपली जाते का ते तपासणाऱ्या समितीचं, पत्र म्हणजे बाइंडिंगच्या आधी मिळवायचा एक कागद. कमिटीकडे मंजुरीसाठी दिलेली फाइल परत येण्याची निम्मी कारणं या समजुतीत आहेत.

फार्म.डी. या फार्मसीच्या पदवीच्या २००८ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय: पाचव्या वर्षाचा प्रोजेक्ट दोन ते चार जणांच्या गटाने करायचा, विषय विभागप्रमुखांनी किंवा प्राचार्यांनी मान्य करायचा आणि प्रोजेक्टला संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायची. विभागप्रमुखांची सही आणि कमिटीची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दरवर्षी कुणाला तरी नव्याने सांगावं लागतं. एम.फार्म.वाल्यांना, म्हणजे फार्मसीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं लागू होतातच. संशोधन माणसांवर असो की माणसांच्या माहितीवर, आधी कमिटी. केसपेपर ही माणसाचीच माहिती आहे.

कमिटी कोणती?

हसू नका, पण फार्मसी कॉलेजातून येणाऱ्या फायलींना चक्क प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या कमिटीचं पत्र जोडलेलं असतं. कॉलेजात उंदीर-सशांचं ॲनिमल हाउस असतं, त्यासाठी कमिटी असते, तिच्या लेटरहेडवरही ‘एथिक्स’ लिहिलेलं असतं. रुग्णांच्या अभ्यासाला ती चालत नाही.

माणसांवरच्या संशोधनासाठीच्या कमिटीची नोंदणी २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार दोन ठिकाणी होते. नव्या औषधांच्या चाचण्या तपासणारी कमिटी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे म्हणजे सीडीएससीओकडे नोंदवलेली असावी लागते आणि आरोग्य संशोधन तपासणारी कमिटी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे. तुमचा प्रोजेक्ट बहुधा दुसऱ्या प्रकारात बसतो. कमिटीच्या नोंदणीपत्राची प्रत मागा आणि त्यावरची मुदत वाचा. मुदत संपलेल्या कमिटीचं मंजुरीपत्र पुढे जर्नलने नाकारलं, तर तुमच्याकडून भांडायला कुणी येणार नाही.

कॉलेजची स्वतःची कमिटी नसेल तर जिथे माहिती गोळा करणार त्या रुग्णालयाच्या कमिटीकडे जा. लहान खाजगी रुग्णालयाकडे ती नसते. तेव्हा दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी सामंजस्य करार करावा लागतो. दोन संस्थांच्या विश्वस्तांच्या सह्या व्हायला जो वेळ लागतो तो तुमच्या सहा महिन्यांतून जातो. म्हणून विषय ठरण्याच्याही आधी ही चौकशी करा.

कागद

आयसीएमआरचे छापील नमुन्याचे अर्ज, प्रोटोकॉल म्हणजे अभ्यासाचा सविस्तर लेखी आराखडा, माहिती भरायचा फॉर्म, गटातल्या प्रत्येकाचा आणि गाइडचा सही केलेला बायोडेटा, जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे रुग्णांवरचं संशोधन नीट करण्याचे नियम) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, जिथे लागू असेल तिथे शुल्काची पावती. हे सगळे आणतात. बऱ्याच कमिट्या विद्यार्थ्याला मुख्य संशोधक मानत नाहीत, तेव्हा गाइडचं नाव वर लावा.

अडतं ते दुसऱ्याच कागदावर. तुमचे गाइड फार्मसीचे. रुग्ण मात्र मेडिसिन किंवा बालरोग विभागाचे. त्या विभागातला एक डॉक्टर सहसंशोधक म्हणून हवा आणि त्याचं, शिवाय विभागप्रमुखांचं, लेखी संमतीपत्र हवं. ‘सर तोंडी हो म्हणाले आहेत’ हे वाक्य कमिटीच्या टेबलावर काही कामाचं नाही. जुन्या केसपेपरवर काम असेल तर रेकॉर्ड विभाग उघडायला अधीक्षकांची वेगळी परवानगी लागते. हे पत्र कुणी स्वतःहून देत नाही आणि कुठल्याही यादीत ते ठळक छापलेलं नसतं. रुग्णालयाच्या कार्यालयात पाठपुरावा करण्याची तयारी ठेवा, आणि अर्ज इनवर्डला देताना पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रश्नावलीबद्दल एक सावधगिरी. गोळ्या नेमाने घेण्याबाबतची मोरिस्कीची प्रश्नावली सिनियरच्या थीसिसमधून सरळ उचलली जाते. तिच्यावर कॉपीराइट आहे, वापरायला परवाना लागतो आणि परवान्याविना वापरल्यामुळे छापून आलेले निबंध मागे घ्यावे लागल्याची उदाहरणं आहेत. परवाना नसेल तर मोफत वापरता येणारी प्रश्नावली शोधा. नमुनासंख्येचंही, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे याचंही, तेच. ‘सिनियरने शंभर घेतले होते’ हा हिशोब नव्हे. संख्याशास्त्रज्ञाकडून सूत्रासह लिहून घ्या.

निरीक्षण की हस्तक्षेप?

शीर्षकात ‘निरीक्षणात्मक अभ्यास’ असतं. आत वाचलं की कळतं, एका गटाला फार्मासिस्ट समुपदेशन करणार, माहितीपत्रक देणार, दुसऱ्याला नेहमीचीच सेवा मिळणार आणि तीन महिन्यांनी रक्तदाब ताडून पाहणार. कोणत्या गटात कोण, हे तुम्ही ठरवता आहात ना? मग हा हस्तक्षेप झाला. औषध दिलं नाही म्हणून तो निरीक्षण ठरत नाही.

याचा परिणाम मोठा आहे. अशा अभ्यासाची सीटीआरआय म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त पहिला रुग्ण घेण्याआधीचीच नोंदणी होते. आधी रुग्ण, मग नोंदणी हा रस्ता बंद झालाय आणि कुणाच्याही ओळखीने तो उघडत नाही. नोंदणीला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. कमिटीचं पत्र अपलोड करा, त्यांच्या शंका येतील, उत्तरं द्या, पुन्हा शंका येतील. माहिती सबमिट केल्यावर ‘रेफ’ने सुरू होणारा एक क्रमांक मिळतो. तो नोंदणी क्रमांक नाही! तो पाहून निर्धास्तपणे रुग्ण घ्यायला लागलेली मुलं दरवर्षी असतात. ‘सीटीआरआय’ने सुरू होणारा क्रमांक हातात येईपर्यंत थांबा. विद्यापीठाला दिलेला प्रोजेक्टचा सारांश, कमिटीचं पत्र आणि ही नोंद, तिन्हीकडे शीर्षक शब्दशः एकच ठेवा.

संमतीपत्र

कमिटीत डॉक्टरांखेरीज कायद्याचे जाणकार असतात, सामान्य नागरिक असतो. तुमचं मराठी संमतीपत्र सर्वांत बारकाईने तेच वाचतात. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेलं मराठी पहिल्याच परिच्छेदात ओळखू येतं. घरातल्या वयस्कर माणसाला एकदा वाचून दाखवा, जिथे ते ‘म्हणजे काय?’ विचारतील ते वाक्य बदला. मराठीवरून पुन्हा इंग्रजी भाषांतर दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायचं असतं, तेही जोडा. नंदुरबारला पावरी बोलणारे किंवा मेळघाटात कोरकू बोलणारे रुग्ण असतील तर मराठीही पुरत नाही, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच मांडा. वाचता न येणाऱ्या रुग्णाचा नुसता अंगठा घेऊन भागत नाही, तटस्थ साक्षीदाराची सही लागते आणि तो साक्षीदार तुमचा गटमित्र असू शकत नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवीच, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारायची, बारानंतर ती लेखी.

फक्त जुने केसपेपर पाहायचे असतील तर संमतीतून सूट मिळू शकते. पण ती कमिटी देते, तुम्ही स्वतःला द्यायची नसते. कारणांसह लेखी अर्ज करा. नावं टिपणार नाही एवढं लिहून पुरत नाही, कारण केसपेपर क्रमांकावरूनही माणूस सापडतो. प्रत्येकाला कोड द्या, कोडची यादी वेगळ्या जागी कुलपात, आणि कुणाकडे ते लिहा.

तारखा

मीटिंगची तारीख ही फाइल देण्याची तारीख नव्हे. फाइल त्याच्या काही आठवडे आधी पोहोचावी लागते, म्हणजे सदस्यांना ती वाचायला मिळते. काही कमिट्या दर महिन्याला बसतात, काही तीन महिन्यांतून एकदा. किमान पाच सदस्यांचा कोरम नसेल तर बैठकच होत नाही. कमी जोखमीच्या प्रोजेक्टला पूर्ण बैठकीविना, मोजक्या सदस्यांकडून तपासणीची सोय आहे. तसा विनंती अर्ज फाइलमध्येच लावा. तो मान्य करायचा की नाही ते अर्थातच कमिटी ठरवते.

‘दुरुस्त्यांसह मान्य’ असं पत्र आलं की मुलं पेढे वाटतात. दुरुस्त्या करून, त्या दाखवून अंतिम पत्र मिळेपर्यंत एकही फॉर्म भरायचा नाही. मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही. मंजुरीआधी गोळा केलेली माहिती वापरता येत नाही, मग ती कितीही कष्टाची असो. फॉर्मवरची तारीख आणि पत्रावरची तारीख परीक्षक शेजारी शेजारी ठेवून पाहतात, हे लक्षात असू द्या.

जो प्रश्न कुणी लिहून आणत नाही

औषधांच्या आंतरक्रियांवरचा, म्हणजे एका औषधाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो यावरचा, प्रोजेक्ट. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असलेल्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलेलं तुम्हाला दिसलं. रक्तस्रावाचा धोका वाढणार, हे तुम्हाला पुस्तकातून ठाऊक आहे. मग? तक्त्यात ‘गंभीर’ या रकान्यात एक खूण करून पुढच्या खाटेकडे जाणार? कमिटी हे हमखास विचारते आणि गट एकमेकांकडे बघत बसतो. प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहा: असं काही दिसलं तर त्याच दिवशी कोणत्या डॉक्टरला, कसं कळवणार आणि त्याची नोंद कुठे ठेवणार. औषधाचा दुष्परिणाम दिसला तर रुग्णालयाच्या किंवा जवळच्या एडीआर मॉनिटरिंग सेंटरला, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राला, फॉर्म कोण भरून देणार, हेही. या दोन परिच्छेदांनी फाइल जितकी सुकर होते तितकी सुबक बाइंडिंगने होत नाही.

मंजुरीनंतर प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवायचा असला, दुसरा वॉर्ड घ्यायचा असला किंवा गटातला एखादा कमी झाला, तरी आधी कमिटीला कळवून मान्यता घ्या. काम संपल्यावर समाप्ती अहवाल द्या. तो राहिला की कमिटीच्या रजिस्टरमध्ये प्रोजेक्ट चालूच दिसतो आणि त्याच गाइडच्या पुढच्या बॅचची फाइल आली की पहिला प्रश्न त्याचाच निघतो.