जांघेतला फुगवटा: हर्निया ओळखायचा कसा, ऑपरेशन करायचं कुठे

फवारणीचा पंप पाठीवर चढवला की जांघेत फुगवटा येतो आणि रात्री खाटेवर आडवं झालं की आपोआप आत जातो. दुखत नाही, काम अडत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं कुणाला दाखवला जात नाही. बहुतेक वेळा हा हर्निया असतो; गावात ‘आतडं उतरलं’ म्हणतात तो. पोटाच्या भिंतीतली एखादी जागा कमकुवत होते आणि आतलं पातळ आवरण, चरबी किंवा आतड्याचा वेढा तिथून बाहेर येतो, झिजलेल्या टायरमधून ट्यूब फुगून यावी तसा.

जांघ हीच जागा का? पुरुषाचे वृषण जन्माआधी पोटातून खाली उतरतात आणि जांघेत एक तिरपी वाट ठेवून जातात. त्यामुळे १०० पुरुषांपैकी सुमारे २७ जणांना आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ आहे. वजन उचलण्याला सगळा दोष देतात, पण जुना खोकला, बद्धकोष्ठ आणि वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवीला जोर लावणं हेही पोटातला दाब तितकाच वाढवतात. म्हणून चांगला सर्जन साठीच्या माणसाला आधी लघवीबद्दल विचारतो.

जांघेतली प्रत्येक गाठ मात्र हर्निया नसते. पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत दुखरं अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येतं; ते आडवं झाल्यावर आत जात नाही आणि पायाची जखम बरी झाली की बसतं. दुसरा घोळ हायड्रोसिलचा. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात हत्तीरोग जुनाच आहे आणि त्यातून अंडकोशात पाणी साठतं. सूज अंडकोशातच असेल, तिच्या वर बोटांच्या चिमटीत फक्त वृषणाची दोरीसारखी नाडी लागत असेल आणि अंधारात बॅटरी धरल्यावर लालसर उजेड आरपार दिसत असेल, तर ते बहुधा पाणी. सूज वर जांघेपर्यंत गेली असेल आणि खोकल्यावर बोटाला धक्का देत असेल, तर हर्निया. दोन्ही एकत्रही असू शकतात. अनुभवी डॉक्टर रुग्णाला उभं करून, खोकायला लावून दोन मिनिटांत सांगतो. दरवेळी सोनोग्राफी लागतेच असं नाही.

बायकांमध्ये मांडीच्या मुळाशी, जांघेच्या घडीच्या जरा खाली येणारी छोटी गाठ दुर्लक्षित राहते. तिथलं छिद्र अरुंद असल्याने आतडं अडकण्याचा धोका जास्त, म्हणून तिथे वाट पाहायची नाही. सिझेरियन किंवा पोटाच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या व्रणातून येणारा हर्निया वेगळा. तो वर्षागणिक मोठा होतो आणि जितका मोठा तितकं काम अवघड. तान्ह्या बाळाची फुगलेली बेंबी बहुतेक वेळा चार-पाच वर्षांत आपोआप बसते. तिच्यावर नाणं बांधून फायदा होत नाही, कातडी तेवढी सोलवटते. आणि पोटावर डागणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. बाळाच्या जांघेतला हर्निया मात्र आपोआप बुजत नाही. त्याचं ऑपरेशन लवकर लागतं, आणि त्यात मोठ्यांसारखी भिंतीवर आधाराची जाळी बसवत नाहीत.

खरा धोका कोणता, तर आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटणं. रोज आत जाणारी गाठ आज जात नाही, ती टणक आणि दुखरी झाली, उलट्या सुरू झाल्या, वारा सरणं बंद झालं, वरची कातडी लाल दिसू लागली: यातलं काही झालं की घड्याळ सुरू झालं. काही तासांत आतडं काळं पडू लागतं. तेल लावून चोळायचं नाही, जोराने दाबून आत ढकलायचं नाही. मेलेलं आतडं पोटात गेलं तर प्रकरण आणखी बिघडतं. खायला-प्यायला काही द्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि ऑपरेशनची सोय असलेल्याच दवाखान्यात न्यायचं. वाटेत तीन ठिकाणी दाखवत जाण्यात सगळा वेळ जातो.

हे रोज घडत नाही. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फारसा त्रास नसल्याने ऑपरेशन न करता थांबलेल्यांपैकी वर्षाला हजारी दोघांपेक्षाही कमी जणांचा हर्निया अडकला. पण पुढे १० वर्षांत या थांबलेल्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी दुखू लागल्याने ऑपरेशन करून घेतलंच. शिवाय गडचिरोलीतल्या भामरागड किंवा मेळघाटातल्या धारणीच्या पलीकडच्या पाड्यावरून पावसाळ्यात, नाल्याला पूर असताना, सर्जनपर्यंत पोचणं वेगळंच गणित आहे. अशा ठिकाणच्या माणसाने थांबू नये. कापसाची वेचणी आणि तुरीची कापणी आटोपली की फेब्रुवारी-मार्च ही सोयीची वेळ. खरिपाच्या पेरणीपर्यंत अंगात बळ येतं. कमरेचा पट्टा हा इलाज नाही. बांधायचाच तर आडवं पडून, गाठ आत गेल्यावरच. बाहेर आलेल्या गाठीवर कधीच नाही.

आता सर्जन. एका बाजूच्या, पहिल्यांदाच झालेल्या साध्या हर्नियासाठी नागपूर गाठायची गरज नाही. तालुक्याला किंवा उपजिल्हा रुग्णालयात नियमित हर्निया करणारा जनरल सर्जन पुरेसा आहे. एम.एस. किंवा डी.एन.बी. जनरल सर्जरी ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघावी, मग सरळ विचारावं: महिन्याला असे किती करता? जाळी कोणती, कुठल्या पद्धतीने? भूल द्यायला वेगळे भूलतज्ज्ञ येतात का? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार? या प्रश्नांनी चिडणाऱ्याकडे न गेलेलं बरं. ग्रामीण रुग्णालयात अनेकदा अडतं ते भूलतज्ज्ञापाशी, म्हणून आधी फोन करून ऑपरेशनचे वार विचारून घ्यावेत.

मोठं रुग्णालय लागतं ते ऑपरेशननंतर पुन्हा उलटलेल्या हर्नियाला, व्रणातल्या मोठ्या हर्नियाला, तान्ह्या बाळाला आणि हृदयरोग्याला. तेव्हा नागपूरची मेडिकल, मेयो आणि एम्स ही सरकारी रुग्णालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं वैद्यकीय महाविद्यालय, यवतमाळ आणि अकोल्याची शासकीय महाविद्यालयं आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या शोधग्रामला आणि हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात शस्त्रक्रिया शिबिरं होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घ्यायचा तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आधी भेटावं. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते आणि काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. योजनेत मंजूर झालेल्या ऑपरेशनसाठी जाळीचे वेगळे पैसे मागितले, तर तक्रार करायला हरकत नाही.

दुर्बिणीचं ऑपरेशन भारी असा एक समज आहे. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा पूर्वी समोरून छेद देऊन केलेला उलटला असेल तर ते खरंच उपयोगी. पण त्याला पूर्ण भूल लागते आणि सर्जनचा हात बसायला बऱ्याच केसेस जातात. एकाच बाजूला असेल तर उघडं ऑपरेशन कंबरेतल्या इंजेक्शनवर, कधी फक्त जागेवरच्या भुलीवर, साधारण तासाभरात होतं. जांघेत ५ ते ७ सेंटीमीटरचा छेद, पिशवी आत, आणि कमकुवत भिंतीवर सुमारे ७.५ बाय १५ सेंटीमीटरची पॉलिप्रॉपिलीनची जाळी. पूर्वी भिंत नुसती शिवायचे. टाके ताणले जाऊन हर्निया पुन्हा यायचा. जाळीने ताण गेला.

जाळी महाग म्हणून धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. पुढे युगांडातल्या चाचणीत तसल्या स्वस्त जाळीचे आणि महागड्या जाळीचे निष्कर्ष सारखेच निघाले. ती चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची पद्धत तर जाळीशिवायच, रुग्णाच्याच स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरते.

ऑपरेशनआधी खर्रा, बिडी निदान चार आठवडे बंद. खोकला अंगावर काढू नये. दोन आठवड्यांहून जुना असेल तर थुंकी तपासून घ्यावी. आपल्याकडे विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेली नसेल तर करून घ्यावीच, आणि आजार असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगावं. पाणी किंवा प्राणवायू कमी पडला की अशा रुग्णाला त्रास होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही सांगावी, मनाने बंद करू नये. जेवण सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधी थांबवतात.

त्याच दिवशी उठून चालायचं. म्हाताऱ्या पुरुषांची पहिल्या रात्री लघवी अडते, तेव्हा लाजू नये. अंडकोशापर्यंत निळसर डाग आणि थोडी सूज दिसते, ती ओसरते. जखमेशेजारी बधिरपणा राहू शकतो. शंभरात दहाएक जणांना तीन महिन्यांनंतरही दुखत राहतं, हे सर्जनने आधीच सांगायला हवं. हलकी कामं आठवड्याभरात चालतात. भरलेला १६ लिटरचा पंप मात्र २० किलोच्या आसपास जातो. तो आणि सोयाबीनचं पोतं चार ते सहा आठवडे दुसऱ्याने उचलावं. ताप, वाढती लाली किंवा पू दिसला तर मेडिकल स्टोअरमधून गोळी आणण्याऐवजी ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच दाखवावं, कारण आत जाळी आहे हे त्यालाच ठाऊक असतं.