काश्मीरच्या साथीतल्या गरोदर बायका

१९७८ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यात काविळीची साथ पसरली. सुमारे ५२ हजार माणसांना कावीळ झाली आणि १,७०० च्या आसपास दगावली, असा अंदाज आहे. श्रीनगरचे तरुण डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांवरच थांबले नाहीत. गावोगाव, घरोघर जाऊन त्यांनी नोंदी केल्या.

दूषित पाण्यातून कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए, म्हणजेच ‘ए’ विषाणूमुळे येणारी यकृताची सूज, असं तेव्हा सगळे धरून चालत. पण जिथे पाणी अस्वच्छ असतं तिथे हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच गाठतो, आणि पुढे जन्मभर त्याच्यापासून संरक्षण मिळतं. मग इथे ऐन तारुण्यातली माणसं का पडत होती? रक्त तपासलं तर ‘ए’च्या ताज्या संसर्गाची खूण नाही, ‘बी’चीही नाही. हा वेगळाच विषाणू असावा, असं खुरूंनी १९८० साली मांडलं. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीतले जपून ठेवलेले नमुने तपासले. तिथे यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं होतं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. तीही ‘ए’ नव्हती.

मला मात्र खुरूंच्या नोंदवहीतला दुसरा भाग अधिक अस्वस्थ करतो. त्यांनी पाहिलेल्या २०८ गरोदर बायकांपैकी ३६ जणींना, म्हणजे १७ टक्क्यांहून अधिक जणींना कावीळ झाली. त्याच वयाच्या इतर बायकांत हे प्रमाण २.१ टक्के होतं, पुरुषांत २.८. त्या ३६ पैकी ८ जणींचं यकृत झपाट्याने निकामी झालं. घरोघर मोजणी झाली नसती, तर अशा आजाराने होणारी मरणं बाळंतपणातल्या मरणांत मिसळून गेली असती. गरोदरपणातच हा आजार इतका का बळावतो, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही.

आपल्याकडे कावीळ उतरवायला गळ्यात माळ घालतात. हा आजार बहुतेकांचा आपोआप बरा होतो, म्हणून माळेवरचा विश्वास टिकतो. पोटुशी बाई मात्र त्यात थांबून राहिली तर जिवावर बेतू शकतं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोतले विषाणुशास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः प्यायला. त्यांना कावीळ झाली, आणि त्यांच्या विष्ठेत तो विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. चीनमध्ये त्यावर लस तयार झाली. २०२२ साली दक्षिण सुदानमधल्या बेंतियू इथल्या विस्थापितांच्या छावणीत साथ सुरू असतानाच ती पहिल्यांदा टोचली गेली. टोचून घेणाऱ्यांत गरोदर बायकाही होत्या.